ताईंचा चष्मेवाला

ऑकलंडमधल्या समस्त पाखरांची तब्येत आपल्या एकटीच्या जिवावर चालली आहे, अशी खात्री असलेली एकच व्यक्ती मी पाहिली, आणि ती नेमकी माझी थोरली नणंद निघाली. ताई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आठवडाभर माणसांचं रक्त तपासतात. तेवढ्याने मन भरत नाही म्हणून शनिवारी पक्षी-अभ्यासकांबरोबर जाळी लावून पाखरं धरतात, पायात रंगीत कडी घालतात आणि थेंबभर रक्त काढून सोडून देतात. मग पांढऱ्या पेशी किती, अँटीबॉडी किती, रक्त जंतूंना मारतं किती, आणि यातलं एक वाढलं की दुसरं घटतं का, हाच ध्यास. त्यामुळे 'प्रतिकारशक्ती' हा शब्द त्यांच्यापुढे एकवचनात काढायची सोय नाही. पापाटोएटो उपनगरातल्या एका देशी दुकानदाराने "च्यवनप्राशने प्रतिकारशक्ती वाढते" म्हणायची चूक केली.

"कुठली वाढते? ती काय एक आहे? एका घरातल्या तीन जावा आहेत त्या! कधी गळ्यात गळा, कधी एकीचं ताट भरलं की दुसरीचं रिकामं, आणि कधी एकमेकींची खबरही नाही!"

मागे रांग वाढत होती. त्या बिचाऱ्याने बरणी मुकाट्याने परत फळीवर ठेवली.

गेल्या जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, मात्र ताई फोनवर रडवेल्या झाल्या. "तो चष्मेवाला तीन आठवडे फिरकलाच नाही गं. फार अशक्त होता. रोज सकाळी संत्रं कापून वाट बघते."

पंचावन्न वर्षांच्या, अविवाहित ताई! मी फोनवर हात ठेवून सासूबाईंना बातमी दिली. त्या लगबगीने उठल्या. "विचार, आपल्यातला आहे का? नसला तरी चालेल म्हणावं." माझ्या लेकीने "इज इट सीरियस?" असं विचारून घेतलं.

मी विचारलं.

"अगं, पक्षी आहे तो!" ताई ओरडल्या. "डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ असतं, म्हणून चष्मेवाला!" वजन बारा ग्रॅम, तिन्ही तपासण्यांत नापास. तो हिवाळा काढतो की नाही, याचा त्यांना घोर. आम्ही पोट धरून हसलो. सासूबाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून रोज फोन करून विचारू लागल्या, "आला का गं?"

सप्टेंबरात आला. ताई फोनच्या स्पीकरवर ओरडत होत्या, "डाव्या पायात लाल कडं, आई! तोच! तिन्ही कमी असून जगला. म्हणजे चौथं काहीतरी असणार, मी न मोजलेलं."

"एकटाच आला?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. जोडीने."

"मग ते चौथं म्हणजे सोबतच असेल गं," सासूबाई म्हणाल्या.

कुणाचंही म्हणणं खोडून काढल्याशिवाय न राहणाऱ्या ताई यावर नुसतं "असेल" म्हणाल्या. आमच्या बॉटनीहून, ताई एकट्या राहतात ते न्यू लिन म्हणजे शहराचं दुसरं टोक, पण मी गाडीची किल्ली शोधायला लागले. सासूबाई आधीच चपला घालून दारात उभ्या होत्या.