दीड इंच खाली

कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाकडे दोन गोष्टी न मागता जमतात: दुसऱ्यांच्या अर्जांच्या प्रती आणि किस्से. प्रती मी निवृत्तीच्या दिवशी टेबलाच्या खणात ठेवून आलो. किस्स्यांना खण नसतो. ते सोबत घरी येतात आणि चार रिकामी माणसं दिसली की वाढायला लागतात. गेल्या वर्षभरात माझ्याकडे जमलेले सगळे एकाच जागेचे आहेत, जानेफळच्या दिनकरभाऊंच्या पत्र्याच्या शेडचे.

या शेडमध्ये पूर्वी ट्रॅक्टर उभा असायचा. आता तिथे लाल रंगाची, दोन दारांची, वयस्कर स्पोर्ट्स कार उभी असते आणि ट्रॅक्टर बाहेर उन्हात. रोज सकाळी आम्ही चौघे तिथे जमतो. दिनकरभाऊ सोयाबीन पिकवतात. रहीमभाई ट्रॅक्टरचे मिस्त्री. गवई सर विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. चौथा मी, तहसीलचा निवृत्त कारकून, सगळ्यांचा 'बाबूजी'. मला पाना धरता येत नाही हे पहिल्याच दिवशी सिद्ध झालं, म्हणून माझ्या हातात मोजायची टेप दिली गेली. नोकरीतही साधारण असंच झालं होतं.

* * *

गाडी उत्तम चालत होती. तरी दिनकरभाऊंनी तिच्या चारही स्प्रिंगा बदलायचं ठरवलं. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं जागा दिसायची, ती त्यांना खुपत होती.

"धोतर वर धरून नाला ओलांडणाऱ्या माणसावानी दिसते ते," भाऊ म्हणाले. "दीड इंच खाली आली त गाडी वाटन."

चाकं काढलेली गाडी लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर चढलेली पाहून रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस शेडमध्ये डोकावायचा.

"काय बिघडलं हो, भाऊ?"

"काही नाही."

"मंग खोलून काऊन राह्यले?"

"खाली कराची हाय."

माणूस थोडा वेळ गाडीकडे बघायचा, मग आमच्याकडे, मग रस्त्यावरच्या खड्ड्यांकडे. एकाने तर जाताना भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "घरी सगळं बरं हाय ना?"

* * *

घरी सगळं बरं नव्हतं, हे आम्हा चौघांना माहीत होतं.

कुसुमवहिनी म्हणजे दिनकरभाऊंच्या मंडळी. त्यांचं माहेर सोनाळा, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. आत्माराम हा त्यांच्याहून थोरला, एकुलता एक भाऊ. चार वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचं लग्न निघालं. बहिणीला आमंत्रण द्यायला भावाने स्वतः यायचं, कुंकू लावून पत्रिका हातात द्यायची, ही रीत. आत्मारामदादाने पत्रिका मोबाइलवर पाठवली. तीही सगळ्या नातेवाइकांना एकदम.

वहिनी लग्नाला गेल्या नाहीत. "तो सोता बोलवाले येत नाही तोवर त्याच्या अंगणात पाय ठेवत नाही," असं म्हणाल्या. तिकडून दादा म्हणाला, "तिले माहेर माहीत नाही काय?" झालं. चार वर्षं!

यंदा थंडीत दादा अंगणात पडला. महिनाभर अंथरुणावर होता, आता काठी घेऊन फिरतो असं कळलं. त्याचं आता एवढ्या लांब येणं शक्य नव्हतं, आणि वहिनींचं जाणं त्याहून नव्हतं. त्यांनी फोनसुद्धा केला नाही. फक्त त्या दिवसापासून चहा फार गोड होऊ लागला. साखर दोनदा पडत असावी.

भाऊ चहा मुकाट्याने प्यायचे. एकदा एवढंच म्हणाले, "मानूस किती दिवसाचा असते, बाबूजी?"

मी टेप गुंडाळून ठेवली. ते मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं.

* * *

नव्या स्प्रिंगा कुरिअरने आल्या. चारही काळ्याभोर. दोन पुढच्या, दोन मागच्या, आणि दिसायला सख्ख्या बहिणी.

घरात नवी वस्तू आली की ती धुऊन, हळदकुंकू लावूनच वापरायची, हा वहिनींचा नियम. फवारणीच्या पंपापासून मिक्सरपर्यंत कोणी सुटलेलं नाही. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा चारही स्प्रिंगा घासून, कुंकू लावून, तुळशीपाशी वाळत ठेवलेल्या होत्या.

रहीमभाईंनी एक उचलून फिरवून पाहिली. "वहिनी, याच्यावर चिठ्ठ्या होत्या. पुढची कोन्ती, मागची कोन्ती, ते लिहेल होतं."

"मयका, डागाळेल कागद होता. खरडून काढला."

भाऊंनी कपाळाला हात लावला. गवई सरांचा चेहरा मात्र उजळला. तीस वर्षं वर्गात बोटाएवढ्या स्प्रिंगवर प्रयोग केलेल्या माणसाला एवढी मोठी स्प्रिंग पहिल्यांदाच मिळाली होती.

"पुढे इंजिन आहे. म्हणजे पुढच्या स्प्रिंगा जास्त कडक. सगळ्यांवर सारखंच वजन ठेवायचं. कमी दबेल ती पुढची."

फळी टाकून तिच्यावर सोयाबीनचं पोतं ठेवलं. ते घसरलं आणि फुटलं. कोंबड्यांची सोय झाली. मग सरांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं.

"मीच काऊन, सर?"

"बाबूजी, तुम्ही जागचे हलत नाही. सगळ्या तालुक्याने ते अनुभवलेलं आहे!"

मी आळीपाळीने चारही स्प्रिंगांवर उभा राहिलो. पडायच्या भीतीने मी रहीमभाईंचा खांदा धरला, तर सर खेकसले, "खांदा सोडा, रीडिंग चुकतं!" पुढच्या-मागच्या जोड्या मात्र बरोबर निघाल्या. सरांनी त्यांच्यावर खडूने आकडे टाकले आणि वहिनींना बजावलं, "आता यांना आंघोळ नको."

* * *

जुनी स्प्रिंग काढायची तर आधी ती दाबून धरावी लागते. त्यासाठी दोन लांब आट्यांचा, म्हणजे स्क्रूंचा, एक साचा असतो. रहीमभाई तो आणायला मेहकरला निघाले होते. भाऊंना धीर नव्हता. त्यांनी गोठ्यातून जाड नाडा आणला.

"बांधून घेऊ ना घट्ट! एवढे बैल बांधले आतापर्यंत."

रहीमभाईंनी नाडा त्यांच्या हातातून काढून घेतला. "भाऊ, बैल सुटला त मानसाले पाहून तरी जाते. हे पाहत नाही."

मग त्यांनी डावा हात पुढे केला. एक बोट अर्धंच आहे. इतकी वर्षं आम्ही ते पाहत होतो, विचारलं कोणीच नव्हतं.

"शिकत होतो तवा, मोटारीच्या ग्यारेजात. उस्ताद चहा प्याले गेल्ता. मले घाई होती."

साचा आल्यावर त्यांनी आम्हाला तिघांनाही शेडबाहेर काढलं. स्वतः स्प्रिंगच्या समोर न बसता बाजूला बसले आणि एकदा या आट्याला अर्धा फेरा, एकदा त्या आट्याला अर्धा फेरा, असं करत तिला सोडत राहिले. एका स्प्रिंगला पाऊण तास. आम्ही दारातून बघत होतो, आणि भाऊंच्या तोंडून एकदाही "आटपा" निघालं नाही.

माझ्या नोकरीत मी पुष्कळ साहेब पाहिले. दाबणारे सगळेच होते. इतक्या हळू सोडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

* * *

आठव्या दिवशी चाकं लागली, गाडी जमिनीवर आली. भाऊंनी श्वास रोखला. मी टेप लावली. परत लावली.

"बोला ना, बाबूजी!"

"पहिल्यापेक्षा अर्धा इंच वर."

 आठ दिवस खपून आम्ही गाडी उंच केली होती! भाऊ मडगार्डच्या खाली हात घालून पुन्हा पुन्हा बोटं मोजत होते.

चूक गवई सरांना सापडली. गाडी घोड्यांवर अधांतरी असतानाच आम्ही सगळे बोल्ट करकचून आवळले होते. सांध्यांमधले रबर त्याच अवस्थेत पकडले गेले, आणि आता ते गाडीला खाली येऊ देत नव्हते. ते बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच आवळायचे असतात.

सगळे बोल्ट ढिले केले. चौघांनी मिळून गाडी मागेपुढे ढकलली. ती कुरकुरली, आणि म्हातारी म्हैस गोठ्यात टेकावी तशी हळूच खाली आली. टेप लावली. बरोबर दीड इंच!

"रहीमभाई," सर म्हणाले, "तीस वर्षं मिस्त्रीकाम करता, हे माहीत नव्हतं?"

"सर, तीस साल ट्रॅक्टर खोलले. त्याले स्प्रिंगा कुठी असते!"

* * *

भाऊंच्या घरासमोर एक गतिरोधक आहे. तिथून ट्रॅक्टर सुसाट जातात, म्हणून तो व्हावा असा अर्ज भाऊंनीच दिला होता. अर्ज मी लिहिला होता. "गतिरोधकाची उंची परिणामकारक असावी" हे वाक्य माझं. ग्रामपंचायतीने माझ्या आयुष्यात इतक्या मनापासून दुसरा कोणताही अर्ज वाचला नसेल.

खाली झालेली गाडी पहिल्यांदा शेडबाहेर निघाली आणि त्याच गतिरोधकावर पोट टेकवून बसली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे. मागे थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्याने खाली उतरून नीट पाहणी केली. "गाडी झोपली काय बे?"

आम्ही तिघे खाली उतरल्यावर ती वर उठली आणि पार झाली. तेव्हापासून प्रत्येक गतिरोधकाला प्रवाशांनी उतरायचं, पलीकडे चालत जायचं आणि पुन्हा बसायचं, अशी पद्धत पडली.

"बाबूजी, आता उलटा अर्ज लिहा. उंची कमी करा म्हना."

"कारण काय लिहू?"

"पयले काय लिहेल होतं?"

"जनहितार्थ."

"तेच लिहा!"

* * *

स्प्रिंगा बदलल्या की चाकांचा कोन तपासून घ्यावा लागतो, त्याला अलाइनमेंट म्हणतात. ते काम खामगावला होणार होतं. भाऊंनी वहिनींना म्हटलं, "चाल, खामगावलोक जाऊन येऊ. पुढच्या सीटवर वजन पाह्यजे, नाही त कोन चुकते."

असं काही नसतं. गवई सर बोलणार होते, रहीमभाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

गुडघे दुखत असल्याने वहिनी सीटवर बसल्या नाहीत, तिच्यात पडल्या. मागच्या बाजूला, जिथे दोन पिशव्या बऱ्या बसल्या असत्या तिथे, रहीमभाई आणि मी बसलो; सरांना जागा उरली नाही. खामगावला काम झालं. भाऊंनी गाडी काढली ती परत जानेफळकडे नाही, शेगावच्या रस्त्याला लावली.

दोन गावं गेली. मग वहिनी म्हणाल्या, "खामगाव माघं पडलं."

"हो."

"किती माघं?"

"लय."

वाटेत तीन गतिरोधक आले. भाऊंच्या बाजूच्या दाराने रहीमभाई आणि मी उतरलो, चाललो, बसलो. वहिनी मात्र उतरल्या नाहीत. दर वेळी खालून खरखर आवाज आला आणि भाऊंनी तो ऐकलाच नाही. सोनाळ्यामागचा सातपुडा दिसू लागला तेव्हा त्या पुन्हा बोलल्या.

"मी उतरणार नाही, सांगून ठेवते."

"नको उतरू."

सोनाळ्यात भाऊंनी गाडी आत्मारामदादाच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर उभी केली. अंगणात नेली नाही. हॉर्नही वाजवला नाही. इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले. वहिनी मांडीवरच्या पिशवीकडे बघत होत्या.

आवाज ऐकून दादा काठी टेकत बाहेर आला. उंच माणूस, आता वाळून कपडे सैल झालेले. फाटक उघडून गाडीपाशी आला. उभ्याने त्याला फक्त लाल टप दिसत होता. त्याने काठी बाजूला टेकवली, दार धरलं आणि हळूहळू उकिडवा बसला. तेव्हा त्याचं तोंड खिडकीसमोर आलं.

"कुसुम?"

वहिनींनी मान वळवली. "किती वायला रे, दादा!"

दादा खालचा ओठ चावत राहिला. मग म्हणाला, "चाल. घरात चाल. मी बोलवाले आलो ना."

आणि उठायला गेला, तर त्याला उठता येईना. त्याने दार धरून जोर लावला, पुन्हा लावला, आणि रस्त्याच्या धुळीत बसकण मारली. भाऊंनी उतरून सीट पुढे ढकलली, रहीमभाई माझ्या अंगावरून धडपडत बाहेर पडले आणि त्याच्या काखेत हात घालायला वाकले.

वहिनींनी खिडकीतून हात काढून दादाच्या डोक्यावर ठेवला.

"थांबा हो, रहीमभाई," त्या म्हणाल्या. "एवढ्यात उठवू नका त्याले."