कमरेपर्यंतचं पाणी

गड्यांनो, आणि माझ्यागत गाव सोडून गेलेल्यांनो,

नेसरीच्या स्टँडवर मला सोडायला निम्मी गल्ली आलती. मी कंडक्टरची नक्कल करून सगळ्यांना हसवत होतो, कारण अव्वा, म्हंजे माझी आई, रडायच्या बेतात होती. ती एवढंच म्हणाली, "तिथं तोंड जरा कमी चालव."

तोंडावरच नोकरी टिकली, हे तिला आजून पटत न्हाय.

काम इस्रायलात, हैफाला. एका रिटायर शाळामास्तरीणबाईंना सांभाळायचं. तिकडं आजीला साफ्ता म्हणत्यात. ह्या साफ्तानं आधीच्या दोघांना हाकललेलं. मला बी एक महिन्याची ट्रायल. टीव्हीवरच्या बातम्यावाल्याची नक्कल केली, तरी बया हसंना.

एक दिवस तिनंच इंग्रजीत त्यांच्या पोथीतली गोष्ट सांगितली. एका सरदारानं नवस केला, लढाई जिंकलो तर घरातनं जे पहिलं सामोरं येईल ते देवाला. जिंकून आला, तर त्याची एकुलती पोरगी डफ वाजवत दारात!

म्हटलं, "साफ्ता, ही आमच्याकडं बी हाय की! तळ्याला पाणी लागंना म्हणून पाटलानं सून दिली." आणि अव्वाच्या आवाजात नागपंचमीच्या फेराचं गाणं लावलं, ओळीओळीला इंग्रजीत अर्थ सांगत. सून पायऱ्या उतरती, पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला. थांबलो.

"पुढं?"

पुढचं येतंय कुणाला? आमच्या गल्लीतल्या बाया तिथंच फेर मोडायच्या.

साफ्ता फुगली. "अर्धी गोष्ट सांगणारा माणूस मला नको."

ट्रायलचे चार दिवस राहिलते. पळत जाऊन अव्वाला फोन लावला.

"अरं खुळ्या, फेरात दरसाली कोण तरी नवी सून असती. तिच्यासमोर सून बुडालेली गायची व्हय? पोरीची छाती फुटंल की! घरी आम्ही म्हाताऱ्याच असलो की गातो पुरं." आणि तिनं शेवट सांगितला.

मी साफ्ताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमच्यात त्या मुलीसाठी पोरी दरसाल चार दिवस रडायच्या. मी ती गोष्ट किती वर्षं शिकवली, पण समोर बसलेल्या पोरींकडं बघून एकदा बी थांबले न्हाय. तुझी आई किती शिकलीय?"

"दुसरी," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा छाती काढून म्हटलं.

तिनं एजंटला फोन केला, "हा ऱ्हाऊ दे."

आता लग्न झालंय माझं. ह्या पंचमीला सुट्टी काढून आलतो. बायको पहिल्यांदाच फेरात उभी, अव्वा गात होती, आणि कमरेला पाणी लागल्यावर बायांनी फेर मोडला. घर म्हंजे काय, ते मला तिथं उभं राहून कळलं.

रात्री बायकोनं इचारलं, "अवो, पुढं काय होतं त्या सुनंचं?"

जगाच्या नकला करणारा मी, म्हटलं, "मला कुठं येतंय?"