हेलिकॉप्टरची नंबर प्लेट

सासऱ्यांना हार्ट अटॅक आला तो कोरोमंडलच्या, भारतातल्या नव्हे, इथल्या, एका समुद्रकिनाऱ्यावर. पुण्याहून ते आमच्याकडे, हॅमिल्टनच्या रोटोटुनात, उन्हाळाभर राहायला आले होते. मुलगी टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून पाण्यात होती, नवरा बार्बेक्यूवर सॉसेज भाजत होता आणि बाबा घडीच्या खुर्चीत बसल्याबसल्या घामाने निथळायला लागले. मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे, त्यामुळे काय होतंय ते कळायला वेळ लागला नाही. पण कळून करणार काय? आमचं हॉस्पिटल घाटातल्या वळणांनी दोन-अडीच तास दूर. अँब्युलन्सवाल्यांनी हेलिकॉप्टर बोलावलं. ते किनाऱ्यामागच्या गवतावर उतरलं आणि बाबांना घेऊन गेलं. आम्ही गाडीने पोचलो तोवर त्यांना स्टेंट बसला होता आणि ते नर्सला हेलिकॉप्टरचं बिल विचारत होते.

बिल नव्हतंच. ही सेवा बरीचशी देणग्यांवर चालते, हे कळल्यावर बाबांना चैन पडेना. पुढे एकदा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये त्यांना एक गाडी दिसली. तिच्या नंबर प्लेटवर तेच हेलिकॉप्टर होतं. अशी प्लेट घेतली की पैशांतला काही भाग हेलिकॉप्टर चालवणाऱ्या संस्थेला जातो, असं मी सांगितलं. बाबा म्हणाले, आपल्या गाडीला हीच लावायची. प्लेटवर आपल्या मनाची सहा अक्षरं बसतात म्हटल्यावर मुलीने इंग्रजीत, सुरुवातीला दोन ‘ए’ घालून, ‘आजोबा’ असं स्पेलिंग मोजून दाखवलं. ते बरोबर बसत होतं.

मग त्यांनी विचारलं, प्लेट विकतं कोण? बाबांनी सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात काढलेली, जन्म रस्त्यांच्या टेंडरांमध्ये गेलेला. मी म्हटलं, वाहतूक खात्याने एका कंपनीला काम दिलंय.

“म्हणजे मध्ये कंत्राटदार आहे,” ते म्हणाले. “संस्थेला नक्की किती जातात ते विचार.”

मी फोन केला. पलीकडची बाई अतिशय गोड बोलली आणि म्हणाली, तो आकडा करारातला आहे, आम्ही सांगत नाही. हे बाबांना सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडेच असं बघितलं, की जणू टेंडर मी काढलं होतं. ‘इथे तसं काही नसतं हो बाबा,’ असं मी जरा तोऱ्यातच म्हटलं आणि ऑर्डर देऊन टाकली.

प्लेट आल्याचा निरोप मिळाला, म्हणून सुट्टी काढून आम्ही गाड्या तपासायच्या केंद्रावर गेलो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, प्लेट द्यायचं काम आता आमच्याकडे नाही, करार बदलला. शहराच्या दुसऱ्या टोकाला जा. तिथे गेलो. पाकीट उघडलं तर अक्षरं बरोबर, पण हेलिकॉप्टर नाही. नुसती पांढरी प्लेट.

मी कंपनीला फोन लावला. नव्या कराराखाली त्या संस्थेचं डिझाइन तूर्त थांबलंय, म्हणून साधी प्लेट पाठवली, असं उत्तर मिळालं. मग देणगीचं काय? ते वाहतूक खात्याला विचारा. खातं म्हणालं, हा कंपनीचा आणि संस्थेचा आपसातला प्रश्न. संस्थेतली बिचारी बाई म्हणाली, आम्हालाही अजून कोणी काही कळवलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या जिन्यावर उभी राहून मी हे फोन करत होते. प्रत्येक जण आधी ‘किया ओरा’, म्हणजे इथला नमस्कार, म्हणायचा आणि शेवटी ‘हॅव अ गुड डे’. भांडावं तर कुणाशी? आवाज चढवणारी मी एकटीच.

शेवटी कंपनीने पर्याय दिला: पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची प्लेट बदलून देऊ. घरी येऊन मी बाबांना म्हटलं, घेऊन टाकू या, मी थकले.

“मला पक्ष्यांनी उचललं नव्हतं,” ते शांतपणे म्हणाले.

मी चिडून स्वयंपाकघरात गेले. पण म्हणणं त्यांचंच खरं होतं, आणि त्याचा मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार. म्हणाले, मला हेलिकॉप्टर ठेवतात तिथे सोड. आधी फोन करून जाऊ, असं मी म्हणत राहिले. फोन पुष्कळ झाले, असं म्हणून ते गाडीत जाऊन बसले.

हँगरच्या दारात एक पॅरामेडिक भेटली. मी अडखळत ओळख करून द्यायला लागले, तर तीच म्हणाली, तुम्ही ते ना, वर जाताना सारखी चप्पल मागणारे? एक पाय अनवाणी होता तुमचा. बाबा लाजले. मग दोन्ही हातांत तिचा हात धरून बराच वेळ उभे राहिले. तिने त्यांना हेलिकॉप्टर आतून दाखवलं. बाहेर पडताना त्यांनी ऑफिसात देणगी दिली, पावती मागून घेतली आणि ती दोनदा वाचली.

बाबा पुण्याला परत गेले. ती पांढरी प्लेट आम्ही लावली, कारण मुलीने हट्ट धरला. मध्यंतरी कंपनीचा ईमेल आला: हेलिकॉप्टरचं डिझाइन पुन्हा सुरू झालंय, नव्याने ऑर्डर द्या. पैसे अर्थात पुन्हा भरायचे. मी फोनवर बाबांना विचारलं, काय करू.

“कंत्राटदाराला काही देऊ नकोस,” ते म्हणाले. “हँगरवर चक्कर मारून ये आणि त्या पॅरामेडिक मुलीला सांग, मी आता पर्वती चढतो.”