दरवाजा इधर है

कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमालच्या पुढे, समुद्राला लागून मासेमारांचं एक जुनं, ओस पडलेलं गाव आहे. थंडीतल्या एका शुक्रवारी मी आणि बायको ते बघायला गेलो होतो. एका घराची भिंत ढासळली होती, छपराची दोन-चार लाकडं तेवढी उरली होती. मी भिंतीच्या भगदाडातून आत पाय टाकणार, तोच मागून हाक आली, "उधर से नहीं! दरवाजा इधर है."

पांढऱ्या झग्यातले एक म्हातारे कतारी गृहस्थ काठी टेकत येत होते. इथल्या बऱ्याच जुन्या लोकांना हिंदी येतं. मी घाईघाईनं सॉरी म्हणालो. ते हसले. त्यांचा जन्म याच घरातला.

"मेहमान दीवार से आया, तो मेरी अम्मा गुस्सा करेगी," ते म्हणाले.

त्यांची आई जाऊन किती वर्षं झाली, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांचं नावही विचारलं नाही. आम्ही वळसा घालून दाराशी गेलो. दार कसलं, नुसती चौकट. त्यांनी बाहीनं तिच्यावरची धूळ पुसली आणि हातानं आत यायची खूण केली. "तफद्दल, आओ."

बायकोनं सवयीनं चपला काढल्या. आत तर सगळी वाळू आणि दगडमाती.

"अगं, राहू दे," मी पुटपुटलो.

म्हाताऱ्यांची नजर मात्र त्या चपलांवर खिळली होती. मग त्यांनी चौकटीला धरून सावकाश आपल्या वहाणा काढल्या. मीही बूट काढले. ते अनवाणी आमच्या पुढे चालू लागले.

"संभाल के," ते हळूच म्हणाले, "यहाँ अम्मा का चूल्हा है."