तिकिटाचं दुसरं टोक

आमचे हे परमुलखात लिफ्ट दुरुस्त करतात. विमानाने सहा तास. नातेवाईक त्यांना तिकीटमास्तर म्हणतात आणि हे त्यावर खूश!

युक्ती अशी. तिकडून इथे यायचं आणि आठवड्यात परतायचं, तर विमानकंपनी दुप्पट पैसे उकळते. इथून जायचं आणि तीन महिन्यांनी परत यायचं, असं जोडतिकीट मात्र स्वस्त. म्हणून हे सगळी तिकिटं इथूनच सुरू होणारी काढतात. येताना जुन्या तिकिटाचं दुसरं टोक, जाताना नव्याचं पहिलं. मला समजवायला कॅलेंडरवर बाण काढले होते. मी म्हटलं, "अहो, यातलं एखादं चुकलं तर?" तर म्हणे, "तू गप गं, तुला काय कळतंय त्यातलं!"

मागच्या सुट्टीत साहेबांनी दोन दिवस आधीच बोलावून घेतलं. ह्यांनी दुसरंच एकेरी तिकीट काढून धूम ठोकली. "जाणं वाया गेलं, येणं तर शाबूत आहे ना," असं वर मलाच ऐकवलं.

मग सासूबाईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रच काढावं लागेल, पुन्हा बोलता येणार नाही, उशीर करू नका. ह्यांनी फोनवरून फर्मान सोडलं, "माझं रविवारचं तिकीट आहेच. सोमवारी करा." आईच्या ऑपरेशनची तारीख तिकीट बघून! आणि मीही मान डोलावली, खोटं कशाला बोलू? सासूबाई बसक्या आवाजात म्हणाल्या, "येऊ दे त्याला. मला बोलायचंय त्याच्याशी. फोनवर नाही, समोर बसून."

रविवारी सकाळी विमानतळावरून ह्यांचा फोन. काउंटरवरची मुलगी म्हणत होती, मागच्या वेळी तुम्ही जाताना बसलाच नाहीत, तेव्हाच अख्खं तिकीट रद्द झालं. आजचं विमान भरलंय, जागा थेट उद्या संध्याकाळी. "हातापाया पडलो गं तिच्या. ती तरी काय करणार?"

मी डॉक्टरांकडे पळाले. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची होती, आणि तेवढा वेळ गाठ थांबणार नव्हती.

फोन सासूबाईंच्या कानाला लावला. हे तिकडे रडत होते, "आई, जे काय असेल ते आत्ता सांग ना." त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. मग म्हणाल्या, "रडतोस काय वेड्यासारखा? किती वेळ उभा आहेस? बस बघू कुठेतरी." आणि फोन माझ्या हातात दिला. मी चिडलेच. म्हटलं, "अहो, बोला ना! उद्या जमणार आहे का?" त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मंगळवारी सकाळी हे पोचले. नर्सने वही-पेन आणून ठेवलं होतं. सासूबाई कधी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. ह्यांचा हात घट्ट धरून त्या ओठ हलवत राहिल्या, थांबून, दम घेऊन, पुन्हा. हे मान डोलवत होते. "हो आई. हो. करतो. नक्की करतो."

बाहेर येऊन ते माझ्याशेजारी बाकावर बसले.

"काय म्हणत होती गं?"

मला तरी कुठे ठाऊक होतं?