लातूरची फायनल

दुकानात नव्या बास्केटबॉलच्या रबराचा वास आला आणि लातूरचं तापलेलं मैदान आठवलं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल होती. मी नांदेडच्या संघात, धाकटी बहीण लातूरच्या. आणि विद्यापीठाच्या संघात आम्हा दोघींपैकी एकीलाच जागा मिळणार होती. सामना संपत आला तेव्हा आम्ही एका गुणानं मागं होतो आणि मला दोन फ्री थ्रो मिळाले. घामानं चेंडू हातातून निसटत होता. बाजूच्या रेषेवर उभी बहीण हळूच पुटपुटली, “ताई, गुडघे वाकव की.” मी वाकवले. दोन्ही चेंडू जाळीतून गेले, तशी तिनं मान फिरवली. विद्यापीठाच्या संघात जागा मला मिळाली. पुढं ऑल इंडिया आंतरविद्यापीठ स्पर्धेत आम्ही पहिल्याच सामन्यात सपाटून हरलो. आता माझ्या हाताखाली खेळणाऱ्या पोरी विचारतात, “मॅडम, ऑल इंडिया लई अवघड असतंय न्हाई?” मी म्हणते, लातूर जास्त अवघड होतं, ऑल इंडियाला समोर सगळ्या परक्या होत्या.