पुढच्याचं ताट

आमच्याकडे ताटं कमी आणि किस्से जास्त! ताट धुतलं की पुढच्या माणसाच्या हातात जातं, किस्सा मात्र कुठं जात नाही. एकावर एक साचत राहतो. घरी सांगायला लागले की माझी मुलगी म्हणते, "आई, तू हसत हसत सांगतेस, पण तुझे कान लाल होतात." होतात खरे. काय करू?

नांदेडला एका मोठ्या दवाखान्याच्या गेटजवळ कडुनिंबाचं झाड आहे. त्याच्याखाली रोज दुपारी आम्ही पेशंटच्या नातेवाइकांना वरण-भाकरी वाढतो. पेशंटला आतून जेवण मिळतं. पण त्याच्यासोबत बिलोलीहून, धर्माबादहून आलेल्या माणसाचं काय? तो पायरीवर बसून चहावर दिवस काढतो. हे सगळं सुरू केलं पार्वतीमावशींनी. त्या भाजी विकतात. त्यांचे मालक याच दवाखान्यात वारले, तेव्हा त्या स्वतः त्या पायरीवर बसल्या होत्या. सलीमभाई ऑटो चालवतात आणि सकाळी घरोघरून दोन-दोन भाकऱ्या गोळा करून आणतात. मी घरी शिवणकाम करते आणि दुपारी इथं वाढते.

झाडाशेजारी एक खड्डा आहे, त्यात आम्ही केळ लावली आहे. धुतलेल्या ताटांचं पाणी तिला जातं. दवाखान्याच्या गेटात केळ कशी, असं सगळे विचारतात. तो खड्डा कसा पडला ते शेवटी सांगते.

* * *

आमचा नियम एकच. ज्यानं त्यानं आपलं ताट राखेनं घासायचं, धुवायचं आणि आपल्या हातानं पुढच्याला द्यायचं. मागचा कोण, पुढचा कोण, विचारायचं नाही.

आधी असा नियम नव्हता. मावशी एकट्याच सगळी ताटं धुवायच्या. एक दिवस इस्त्रीच्या कपड्यातले एक गृहस्थ जेवले, उठले आणि ताट पायानं मावशींकडे सरकवलं.

"हे घ्या. धुवा."

मी वाढत होते, माझ्या हातातली पळी तशीच राहिली. अन्नाच्या ताटाला पाय! मावशी मात्र शांत.

"दादा, मी काय तुमची बायको हाय का?"

"नाही... तसं नाही..."

"आन बायको असते, तरी धुतलं नसतं!"

त्या दिवसापासून नियम लागू झाला.

* * *

भाकऱ्या किती घरांतून येतात! शेतकऱ्यांच्या घरातून, सलीमभाईंच्या मोहल्ल्यातून, रेल्वे लाईनपलीकडून. सगळ्या एकाच टोपलीत पडतात.

एकदा एक बाई सलीमभाईंना म्हणाल्या, "आमच्या भाकऱ्या वेगळ्या फडक्यात ठेवत जा. त्या तुमच्या मोहल्ल्यातल्या भाकऱ्यांत मिसळू नका."

वाटीभर पिठाचं दान, आणि त्याला केवढी अट! मला कळलं तेव्हा माझं डोकं इतकं तापलं की मी त्यांच्या घरी भांडायला निघाले होते. सलीमभाईंनी थांबवलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच त्या बाईंच्या दारात भरलेली टोपली घेऊन उभे राहिले.

"ताई, तुमचं बरोबर हाय. कालपासून लई बेचैन हाय मी. घ्या, यातल्या तुमच्या दोन निवडून द्या, वेगळ्या बांधतो."

बाईंनी टोपलीत पाहिलं. वरची उचलली, खालची उचलली. सगळ्या ज्वारीच्या, सगळ्या गोल, सगळ्यांना तव्याचे डाग.

"ओळखू येत न्हाईत ना?" सलीमभाई म्हणाले. "मलाबी न्हाई येत. चला, निघतो. तिकडं भुकेली माणसं वाट बघून राहिलीत!"

* * *

लग्नसराई आली की मी सावध असते. कुणीतरी आदल्या रात्रीचा उरलेला पुलाव पातेलं भरून घेऊन येणार, हे नक्की.

असेच एक जण कार घेऊन आले. मी झाकण उघडलं तर आंबूस वास आला.

"साहेब, हे उतरलंय."

"थोडंसं. पण चालतं हो गरिबांना. त्यांना सवय असते."

सवय असते! ज्यांचं माणूस वर खाटेवर पडलंय, त्यांना हगवण लावायची आणि वर पुण्यही घ्यायचं! मी रागानं झाकण आपटलं. सलीमभाईंनी मात्र हसत हसत एक ताट वाढलं आणि साहेबांपुढे धरलं.

"बिसमिल्ला तुमच्यापासून करू, साहेब. बसा पंगतीला."

साहेबांना एकदम कुठंतरी जायचं आठवलं. पातेलंसुद्धा न्यायचं विसरले. चांगलं जाड बुडाचं पातेलं आहे, आता त्यात आमचं वरण शिजतं!

* * *

मग ते फोटोवाले. एकदा दहा-बारा तरुण बॅनर घेऊन आले. सोबत केळ्यांची पेटी. आमची रांग थांबवली, लोकांना भिंतीजवळ उभं केलं. एका माणसाच्या हातात एक केळं दिलं आणि सगळ्यांनी त्या केळ्याला हात लावला. "इकडं बघा काका! थोडं हसा!"

त्या काकांच्या आईला सकाळीच ऑपरेशनला नेलं होतं. हसा म्हणे!

फोटो झाला. काकांनी केळं उलटसुलट करून पाहिलं. ते अर्धापूरचे होते, त्यांचा स्वतःचा केळीचा मळा.

"काय झालं काका? खराब आहे का?"

"न्हाई, चांगलं हाय. आमच्याच बाजूचं दिसतंय. फक्त आम्ही एक माणूस अख्खा घड उचलतो. इथं एका केळ्याला बारा माणसं लागली, म्हणून बघून राहिलो!"

याच काकांनी आई बरी झाल्यावर आम्हाला केळीचा कंद आणून दिला.

* * *

माझी नणंद वनिता लातूरला राहते. आमचं पाहून तिनंही तिथं असंच सुरू केलं. तिच्याच ओळखीनं तिथल्या एका मंडळानं पार्वतीमावशींना सत्काराला बोलावलं. कार्यक्रमाची वेळ बरोबर दुपारची.

"जेवायच्या वेळेला सत्कार कोण करतं गं?" मावशी मला म्हणाल्या. पण वनिताचा मान राखायला गेलो. झाडाखाली सलीमभाई आणि त्यांच्या बायकोनं सांभाळलं.

भाषणं संपता संपेनात. "अशी माणसं म्हणजे समाजाचे दिवे!" असं प्रत्येक जण म्हणाला, आणि मावशींचं नाव प्रत्येकानं वेगळं घेतलं. एकानं तर लक्ष्मीबाई म्हटलं. शेवटी जेवण. लोकांनी अर्धं खाल्लं, अर्धं टाकलं, आणि ताटं टबात भिरकावली. मावशींना ते बघवेना. त्यांनी आपलं ताट नळाखाली स्वच्छ धुतलं, पदरानं पुसलं, आणि सवयीनं मागच्या माणसाच्या हातात दिलं.

मागे प्रमुख पाहुणे होते!

त्यांना वाटलं, मावशींकडून त्यांना भेटवस्तू आहे. त्यांनी दोन्ही हातांनी ताट घेतलं, छातीशी धरलं आणि फोटोग्राफरकडे वळून उभे राहिले. मंडळाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

येताना एसटीत मावशी एवढंच म्हणाल्या, "त्या बापड्यानं जेवण घेतलं असेल का गं शेवटी?"

* * *

आता खड्ड्याचं.

आमच्या भागात एक भाऊ आहेत. नाव लिहीत नाही, पण चौकाचौकात त्यांचं बॅनर असतं. त्यांनी ठरवलं की गेटजवळ, बरोबर झाडाखालच्या जागेत, सेल्फी पॉइंट करायचा. शहराच्या नावाची मोठी रंगीत अक्षरं, आत लाईट. दवाखान्याच्या दारात सेल्फी! आम्हाला निरोप आला, तुम्ही मागच्या गेटला बसा.

मागच्या गेटला शवागार आहे. तिथून मढी बाहेर निघतात. वर ज्याचा मुलगा श्वास मोजतोय, त्यानं तिथं बसून घास गिळायचा? शिवाय तिथं ना सावली, ना नळ. मावशी दोनदा भाऊंच्या ऑफिसला जाऊन आल्या. दोन्ही वेळा चहा मिळाला, भाऊ नाही. आणि एक दिवस मजुरांनी येऊन झाडाशेजारी अक्षरांच्या पायासाठी खड्डा खणला. मी त्या दिवशी वाढताना रडले.

उद्घाटनाला भाऊ भरदुपारी आले. मागे टेम्पोत अक्षरं. आणि आमची रांग रोजच्यासारखी उभी, कारण ती माणसं दुसरीकडे जाणार कुठं? एवढे मोबाईल वर झालेले पाहून भाऊ म्हणाले, "आज मीपण यांच्यासोबत जेवणार!"

बसले. अर्धी भाकरी खाल्ली. फोटो निघाले. ताट तिथंच ठेवून उठले.

"भाऊ, ताट," मावशी म्हणाल्या.

"हो हो, छान होतं."

"छान तर हायच. धुवा. पुढच्या बाई थांबल्यात."

"ओ मावशी, कोणाला बोलून राहिल्या?" एक कार्यकर्ता पुढे झाला आणि ताट उचलायला वाकला. सलीमभाई आडवे आले. "ना भाई. ज्याचं त्यानं."

मोबाईल अजून चालूच. भाऊ हसले, नळाखाली ताट धरलं, नुसतं पाणी फिरवलं आणि पुढे केलं.

पुढे धर्माबादकडची एक म्हातारी होती. तिचा मुलगा वर मशीनवर होता. हा माणूस कोण, तिला काही माहीत नव्हतं. तिनं ताट उन्हात तिरकं धरलं, त्यावरून बोट फिरवलं, आणि पिवळं झालेलं बोट भाऊंना दाखवलं.

"निघालं न्हाई रे लेकरा. परत घास. राख घे."

भाऊंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग ते पांढऱ्याशुभ्र कपड्यात नळाशी उकिडवे बसले आणि राख घेतली.

तेवढ्यात टेम्पोवाला ओरडला, "भाऊ, अक्षरं कुठं उतरवू?"

"दिसत न्हाई का?" भाऊ मान वर न करता म्हणाले, "ताट घासून राहिलो ना!"

टेम्पो बराच वेळ उभा होता. मग आला तसा भरलेलाच परत गेला, पुन्हा आलाच नाही. खड्डा तेवढा आम्हाला राहिला, केळीसाठी.

म्हातारीनं ताट पुन्हा उन्हात धरलं, पुन्हा बोट फिरवलं. "हां," म्हणाली, आणि जेवायला बसली.